लांबच्या गावाचा नारळ

आबा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावरच चिडून लिहायला बसलोय. सातपूरच्या वर्कशॉपात तुम्ही फोरमन होतात, तेव्हा खंडेनवमीच्या मशीनपूजेला नियम घातलात तो तुम्हीच. ज्याचं गाव सगळ्यात लांब, नारळ त्यानं फोडायचा. मालकाला विचारलंसुद्धा नाही. देवळ्याहून पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्या बोलण्याला सगळे हसायचे, ते तुम्ही विसरला नव्हतात.

पुढे गोरखपूरकडचा तो लेथ चालवणारा टर्नर आला आणि दरवर्षी नारळ त्याचाच. पहिल्या वेळी घाबरून त्यानं इतका हळू आपटला की तडासुद्धा गेला नाही. मशीन त्याचीही आहे म्हणून तुम्ही ओरडलात, "फोड ना भो! मशीन तुनं बी शे!" तो बोलायला शिकला तेही तुमचंच, अहिराणी. तुमच्या तिरडीला मुलगा म्हणून मी पुढून खांदा दिला, मागून त्यानं.

मग गेल्या वर्षी ते दिवस आले. चहाच्या टपरीवर रोज एकच विषय, बाहेरच्यांनी आपल्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या. आपली पोरं रिकामी होती हे खोटं नाही, त्यामुळेच तर माझं डोकं उठायचं. टीव्हीवर दोन्हीकडचे घसा फोडत होते आणि त्यातला एकही कधी लेथवर उभा राहिलेला नव्हता. एका सकाळी दहा-पंधरा जण आपल्या गेटवर आले. तोवर तुमची खुर्ची माझ्याकडे आलेली. "बाहेरचे किती हायेत आत?" मी म्हटलं, "कोणी नाही. सगळे आपलेच." ते गेले. वळून बघतो तर आपला टर्नर चिंधीनं हात पुसत मागेच उभा. चक्क खूश दिसत होता. मी त्याला आपल्यात धरलं, असं त्याला वाटलं.

आणि दुपारी मीच त्याला म्हटलं, "चार दिवस गावी जाऊन या."

"कोनतं गाव, भाऊ? तठे मनं कोन शे आते?"

तिथं त्याचं कोणी उरलं नाही हे ठाऊक असूनही मी चिडलो. दगड पडले तर जबाबदार कोण, असं काहीबाही बोललो. नाशिकरोडला त्याला गाडीत बसवून दिलं तेही मीच. चार दिवसांचं वर्ष होत आलं. त्यानं फोन केला नाही, मीही नाही.

परवा खंडेनवमी झाली. लेथला हार घातला आणि सगळे थांबले. आता कोणी निफाडचं, कोणी सिन्नरचं, कोणी दिंडोरीचं. एकजण हसत म्हणाला, "साहेब, देवळा म्हंजे आता तुमीच लांबचे." तुमचा नियम, आबा. मोडता येईना. मी नारळ फोडला आणि खोबरं वाटलं, पण माझ्या वाटणीचा तुकडा तोंडात घालवला नाही.

हे पत्र कुठे टाकणार? खणातच राहील. लोकांना मी सांगतो, त्याच्या जिवाला धोका होता म्हणून पाठवला. तुम्हाला खरं सांगतो. ते लोक परत आलेच नाहीत. भ्यालो होतो तो मी.