सुलभाचं गप्प राहणं

सोमवार, संध्याकाळ. नारायणगुडा

१. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सुलभाने नोकरीसाठी नमुन्याचा तास घेतला.
२. समोर बँकेतले कारकून होते, सक्तीने शिकायला पाठवलेले.
३. गुण मी द्यायचे होते.

त्या कारकुनांपैकी रावगारू हात बांधून म्हणाले, "अम्मा, ये मशीन आया तो हम घर जाना क्या?"

मी असते तर लगेच "नाही" म्हटलं असतं. सुलभा म्हणाली, "मेरेकू नै मालूम, रावगारू. आपकू क्या लगता?" आणि गप्प राहिली. इतकी, की मीच अवघडले. मग रावगारूच बोलू लागले. व्याजाची आकडेमोड नकोशी होते, म्हणाले. "वो काम मशीन ले लेती तो रोज उसकू नमस्ते करतूं."

सगळे हसले. कीबोर्डपाशी पहिले तेच बसले.

सुलभाचं ते गप्प राहणं गुणांच्या कुठल्या रकान्यात मांडू? नियम इंग्रजीतच बोलण्याचा. त्यात तिला शून्य, म्हणजे नापास. पण मला ती शांतता पेलली असती का? नाही.

क्लासच्या सरांना उद्या द्यायची चिठ्ठी:

सुलभाला इंग्रजीत शून्य दिलं आहे. तरी तिला घ्यावं. माझी सकाळची बॅच तिला द्या, मी मागे बसून ऐकेन. शुक्रवारपर्यंत उत्तर कळवावं.