सहा वाजता बाहेर काढलेली डबी

आई, आज कारखान्यात आमच्या ऑपरेटर बाई मान खाली घालून म्हणाल्या, "विसरली असन, सर," आणि माझं ओरडणं अर्ध्यातच राहिलं. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हे वाक्य मला तुझ्याच आवाजात ऐकू येतं.

तेव्हा आपल्या प्रताप नगरच्या घरात मागच्या खोलीत यंत्र होतं आणि सोल्डर पेस्ट तुझ्या फ्रिजमध्ये. कथिलाचं करडं मलमच ते. सर्किट बोर्डावर त्याचे ठिपके द्यायचे, यंत्र त्यांवर मोहरीएवढे भाग बसवतं, भट्टीतून गेलं की सगळं पक्कं. डबीला तू जागा दिलीस ती नेमकी श्रीखंडाशेजारी. एकदा मामा चमचा घेऊन झाकण उघडतात, आणि तू किंचाळतेस, "अरे भाऊ, ते बोर्डाचं जेवण हाये!" मामांनी त्यानंतर आपल्याकडे श्रीखंडच सोडलं. पेस्ट गार असताना उघडली तर ओल धरते आणि भट्टीत फुटाण्यासारखी उडते, म्हणून वापरायच्या चार तास आधी बाहेर काढायची. सकाळी सहाच्या ठोक्याला ते काम तुझं.

पहिली मोठी ऑर्डर आली ई-रिक्षाच्या चार्जरची. भट्टीतून बोर्ड निघाले तर प्रत्येकावर कथिलाच्या बारीक गोळ्या, आणि गिऱ्हाईक दारात उभं! त्याच्यादेखत मी तुझ्यावर बरसलो, "एक डबी काढायची, तेवढंही होत नाही तुला?" तू हात पुसत म्हणालीस, "विसरली असन बापा. काढली असं वाटून राहिलं होतं मले." मग त्याला पोहे देत वर म्हणालीस, "माह्या पोराचं काम चांगलं हाये, साहेब. चूक माही हाये." तो विरघळला, दोन दिवस वाढवून दिले. त्या पोह्यांवर हा कारखाना उभा आहे. पुढे तू फोनमध्ये तीन-तीन गजर लावलेस. दवाखान्यात नाकात नळी असतानाही विचारायचीस, "डबी काढली का गा?"

काढली होतीस तू. त्या ऑर्डरच्या दिवशी सातला मीच ओट्यावर ती पाहिली, म्हातारी रात्री आत ठेवायला विसरली असं पुटपुटलो आणि परत फ्रिजमध्ये टाकली. पोह्यांचा दुसरा घास घेताना आठवलं. लाज वाटली, पण ऑर्डर वाचत होती, म्हणून घास गिळला.

आज कॅमेऱ्यात पाहिलं. बाईंनी डबी वेळेवर काढली होती. आठ वाजता एक शहाणा येऊन ती परत आत ठेवतो. टक्कल माझंच. बाईंची माफी मी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर मागितली. तुझी मागायला मला त्या दिवसानंतर तू जाईपर्यंत सहा वर्षं होती, आणि सकाळचा चहा आपण रोज सोबत घ्यायचो.