खुरसापुढे कोणी ओ दिली नाही

मालवण,
दि. १४ मे १९६२

प्रिय कॉस्मे,

प्रभूची शांती तुझ्यापाशी असो. बेळगावहून पाठवलेले तुझे पत्र पोचले. माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. चढण तेवढी जड जाते. यंदा आपला कापा फणस उशिरा पिकला.

फादर आगोस्तीन यांच्याविरुद्धची तक्रार मी तुला त्यांच्या धर्मगुरू-संघाचा प्रमुख म्हणून कळवली. तू लिहितोस, ‘मुलगी चंचल असेल. तिने शब्द मागे घ्यावेत. फादरना आपण घाटावरच्या मुलींच्या वसतिगृहावर पाठवू. चर्चची अब्रू राखणे आपले कर्तव्य आहे.’

कॉस्मे, प्रभूने मंदिरातले सराफांचे चौरंग उलथले, तेव्हा मंदिराची अब्रू गेली असे तू प्रवचनात कधी सांगितले नाहीस.

परवा वाडीतल्या क्रुसापुढे, आपल्या खुरसापुढे, लदीनची प्रार्थना होती. फादर आगोस्तीन स्वतः आले. त्यांनी पवित्र मातेचे एकेक नाव घ्यावे, आम्ही ‘ओरा प्रो नोबीस’, आमच्यासाठी विनंती कर, म्हणून ओ द्यावी, ही रीत तू जाणतोस; ओ उचलण्याचा मान आईनंतर माझा. त्यांनी पहिले नाव घेतले. मी ओठ मिटले. त्यांनी तेच नाव चढ्या आवाजात पुन्हा घेतले. माझ्यामागे सारी वाडी गुडघ्यांवर होती; कोणी ओ दिली नाही.

खुरसाला तेल घालायला येणारी शेजारची हौसाबाई तेवढी बोलली, “पाद्रीबाबा, गळो सुकात तुमचो! आज कोण ओ देवचा नाय. घराक जावा नि पेज जेवा.”

ते गेले. मग आम्ही लदीन पहिल्यापासून म्हटली.

बायकांना मी काहीच सांगितले नव्हते. परतताना एकेकीने माझा हात घट्ट धरला, तेव्हा कळले, सांगण्याची गरजच नव्हती.

तक्रारीत मुलीचे नाव मी मुद्दाम लिहिले नव्हते. नाते ठाऊक नसताना तू कसा न्याय करतोस, ते मला पाहायचे होते. आज तिच्या संमतीने लिहिते. ती चंचल मुलगी म्हणजे आपल्या फेलिसिदादची जेसिंता. मरताना बहिणीने जिचा हात तुझ्या हाती दिला, ती. वेदीची वस्त्रे शिवायला ती वेदीमागच्या खोलीत बसे. तिथे फादरनी आतून दार लावले. पुढचे ती भिंतीकडे तोंड करून एकदाच बोलली. शेवटी म्हणाली, “मावशी, माका खोटी म्हणशीत?”

हे नाव वाचून तुझा निर्णय बदलणार असेल, तर तसला बदल मला नको. ती परक्या घरची असती तरी दार लावणारा हात तोच होता. त्याला वसतिगृहावर धाडू नकोस. त्याच्या अंगावरचा झगा उतरव.

जेसिंता शब्द मागे घेणार नाही. पुढल्या गुरुवारी आम्ही दोघी बिशपांकडे निघतो. तोवर तुझे उत्तर आले तर वाचीन. न आले तरी बस चुकवणार नाही.

तू दीक्षा घेतल्यापासून, वयाने थोरली असूनही, प्रत्येक पत्राच्या शेवटी मी तुझा आशीर्वाद मागत आले. आज मागत नाही.

जेसिंताची साक्षीदार,
तुझी बाय,
किटेरिया