दुधात भिजवलेल्या पुऱ्या

सोम. १ फेब्रु. १९३७, गोंदिया

सकाळची ड्यूटी. पार्सल ऑफिसात बांधाच्या तलावातल्या मासळीच्या टोपल्या. वास अंगाला लागून घरापर्यंत येतो. मार्था दारातच पाण्याची बादली ठेवायची. आता आधी कुलूप उघडायचं, मग विहिरीवर जायचं.

दुपारी छोट्या लाईनच्या गाडीतून मिशनचे एक प्रचारक आणि त्यांची बायको उतरले, सरळ घरी आले. त्यांना कळलं नव्हतं. "मार्थाबाई आहेत ना? पुढची गाडी संध्याकाळी, म्हटलं दोन घास खाऊन जाऊ." मी सांगितलं. बायको गेल्या महिन्यात वारली हे ऐकून दोघं ओट्यावरच बसली. मग त्या बाईंनीच चूल पेटवली, खिचडी टाकली, मलाही वाढली.

गोंदियात गाडी बदलणारे आमचे लोक मार्थाकडेच जेवत. स्टेशनात साहेबांची खाण्याची खोली आहे, तिथे आपण जात नाही. हिंदू फराळाच्या दुकानात ओळखलं की पान दुरून सरकवतात. मुसलमानाच्या ठेल्यावर गोश्त, ते बायबलबाईंना नको असतं. मा. म्हणायची, आपलं घर म्हणजे चौथी खोली.

आता ती बंद.

गुरु. ४ फेब्रु.

चहा स्टेशनवरच. चहावाल्या महाराजने खिळ्यावरचा माझा कप काढला, विसळायला माझ्याकडे दिला, मग वरून ओतला. "बाबूजी, आप तो बिलकुल सूख गए. कुछ खाया करो." चांगला माणूस आहे. कप मात्र खिळ्यालाच.

घरी भात उरतो. एकट्यापुरता टाकता येत नाही.

सोम. ८ फेब्रु.

मा.चा भाऊ तुकाराम आला. ऑफिसच्या दारात उभा, आत येईना. लग्नानंतर आज पहिल्यांदा बोलला. आधी मालधक्क्यावर दिसायचा तेव्हा मान वळवायचा.

"जनी गेली म्हनते."

म्हटलं, हो, जानेवारीत.

"आमाले बाजारात समजलं. माय दोन दिस बोलली नाई." मग टोपल्यांकडे बघत म्हणाला, "आमी त तिच्या नावानं आंघोळ तेव्हाच केली होती. आता पुन्हा कशी करावी? मायले कोनी रडू बी देत नाई. म्हनते, मेलेल्याले कितीदा रडशील."

जनी म्हणजे मार्था. बांधाकाठचं कोहळी जातीचं घर, धानाची शेती. लहानपणी विधवा झाली. आजारी म्हणून मिशनच्या दवाखान्यात ठेवली, ती तिथेच शिकली आणि बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी घरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली.

तो आला होता कामासाठी. सासूबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेलेत. नागपूरच्या मिशन दवाखान्यात दाखवायचं आहे. माझी ओळख आहे का? म्हटलं, आहे, लिहून देतो. उद्याच्या मंगळवारी नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी निघतील. छोट्या गाडीने इथे उतरायचं, दुपारभर थांबायचं, मग मोठी गाडी.

मी म्हटलं, दुपारचं जेवण माझ्याकडे.

तो हसला. "बाबू, माय येईल तुमच्या घरी?"

मंगळ. ९ फेब्रु.

झोप नीट नाही. मा.ने शेवटच्या तापात दोनदा म्हटलं होतं, माय एकदा आली असती तर वाढलं असतं. बाकी काही मागितलं नाही. बाप्तिस्म्यानंतर आईने तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

ती आता वाढू शकत नाही. पण घर तिचं, चूल तिची. सासूबाईंनी त्या चुलीवरचं एक वेळ खाल्लं तर तेवढं होईल. मला बाकी काही नको.

रवि. १४ फेब्रु.

उपासना. पाळकांनी प्रवचनात पुन्हा येशूला वाढणारी मार्था आणि तिची बहीण मरीया घेतल्या. माझ्याकडे बघून थांबले. मला आवडलं नाही. मी खाली बघत होतो.

छोट्या लाईनच्या गार्डबरोबर तुकारामाचा निरोप. "माय म्हनते, प्रवासात पक्कं चालते. पीठ दुधात भिजवलं पायजे, पानी नाई लागलं पायजे. तुपात तळलं पायजे. घरी येनार नाई. टेसनावर." गार्डने सगळं न चुकता सांगितलं आणि विचारलं, "बाबूजी, किसका ब्याह है?"

सोम. १५ फेब्रु.

संध्याकाळी पुऱ्या करून पाहिल्या. दुधात कणीक सैल झाली. पहिला घाणा करपला, दुसरा कच्चा. मा. दिवाळीच्या सुमारास करायची, मी बाजूला पेपर वाचत बसायचो. एकदाही नीट पाहिलं नाही.

तिसरा घाणा बरा उतरला.

मंगळ. १६ फेब्रु.

रजा काढली. पहाटे उठून पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी तुपातच, पाणी न घालता. पळसाच्या पानात बांधल्या. भांडंच नको, म्हणजे भांड्याचा प्रश्न नाही.

सासूबाई लहानशा आहेत. मा.सारखंच कपाळ. तुकारामाचा हात धरून मुसाफिरखान्यात येऊन बसल्या. बरोबर पितळेचा लोटा, त्यात बांधाचं पाणी, तोंडाला फडकं. नळाचं पीत नाहीत. माझ्याशी बोलल्या नाहीत, सगळं तुकारामाला. मी हाताच्या अंतरावर बसलो होतो.

"त्याइले इचार, तिले काय झालं होतं."

तुकारामाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ताप. छातीत कफ धरला.

"त्याइले इचार, दुखलं का लय."

म्हटलं, शेवटी नाही. हे खोटं बोललो.

"त्याइले इचार, त्याइची जात कोनती होती आधी."

म्हटलं, मला माहीत नाही. दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आणून टाकलेलं मूल मी. आईबाप कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं.

 सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड माझ्या दिशेला वळवलं. "म्हंजे तुमाले बी कोनी नाई." मग पदर सावरून, "आन काय आनलं ते, तुकाराम. भूक लागली."

मी पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. एक माझ्यासमोर, एक तुकारामासमोर. त्यांनी चाचपून पुरी उचलली.

आणि मी हात जोडले.

मुद्दाम नाही. अनाथालयात प्रार्थनेच्या आधी ताटाला बोट लागलं तर छडी मिळायची. तेव्हापासून अन्न समोर आलं की हात आपोआप जुळतात, डोळे मिटतात. त्यांना दिसलं नसतं. पण मी मोठ्याने म्हणालो, रोज म्हणतो तसं. प्रभू, ह्या अन्नाबद्दल उपकार मानतो. तू आशीर्वाद दे. आमेन.

डोळे उघडले तर पुरी पुन्हा पानावर होती.

"तुकाराम, ह्याइनं त देवाले दाखवलं."

"दाखवलं त दाखवलं. खाय न माय."

"दुसऱ्याच्या देवाचा परसाद हाये आता."

"दर्ग्याची रेवडी त घेतेस न उरसात. पदरात बांधून आनतेस."

"त्या देवानं माही पोरगी नेली नोती."

 बाजूच्या बाकावरचे सगळे आमच्याकडे बघत होते. तुकारामाने स्वतःचं पान मायच्या धाकाने दूर सारलं, मग थोड्या वेळाने फलाटावर जाऊन चणे आणले. सासूबाईंनी चणे खाल्ले, लोट्यातलं पाणी प्याल्या. मी एकट्याने दोन पुऱ्या खाल्ल्या, नाहीतर आणखी वाईट दिसलं असतं. चव लागली नाही.

मोठ्या गाडीत बसवून दिलं. दवाखान्याची चिठ्ठी तुकारामाकडे.

उरलेलं कुणाला द्यावं कळेना. स्टेशनाबाहेरच्या भिकाऱ्याने विचारलंसुद्धा नाही कुणाच्या घरचं.

बुध. १७ फेब्रु.

मीच बिघडवलं. एक दिवस गप्प बसता आलं नाही.

रवि. २१ फेब्रु.

उपासनेनंतर पाळकांना विचारलं. अन्नावर प्रार्थना मनातल्या मनात केली तर चालते का? म्हणाले, चालते, देवाला ओठ लागत नाहीत. मग कारण विचारलं. मी सांगितलं. तेव्हा म्हणाले, असं असेल तर नाही चालत. लोकांना घाबरून मनात केली तर ती लपवणं झालं.

म्हटलं, घाबरून नाही.

"मग कशासाठी?"

मी निघायला उठलो. ते म्हणाले, काळ बदलतो आहे, थोडी वाट पाहा, हे सगळं आपोआप जाईल. त्यांचं वय तिशीच्या आत आहे.

शुक्र. २६ फेब्रु.

तुकारामाचं कार्ड. एका डोळ्याचं काम झालं. गुरुवारी परत. जेवणाबद्दल काही लिहिलेलं नाही. मीही विचारणार नाही. पुऱ्या घेऊन जाणार.

गुरु. ४ मार्च

उजव्या डोळ्यावर पट्टी, वरून हिरवा कपडा. पण चेहरा उतरलेला नाही. तुकाराम खुशीत.

"बाबू, नागपुरात काय हाटेलं हायेत. सारे एका बाकावर बसते. बामन, तेली, मुसलमान. पोरगा येते न थाळी ठेवून जाते. कोन शिजवते, कोन पाहते?"

मी विचारलं, सासूबाईंनी खाल्लं का तिथे?

त्याच म्हणाल्या. "खाल्लं त. डाक्टरीनबाईनं उपाशी नोको राहू म्हनलं."

मी म्हटलं, मग तो हॉटेलवाला कोण, काय, कुणाला माहीत.

"तेच त. त्याचा देव कोनता, मले मालूम नाई. तुमचा मालूम हाये."

 मी पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. माझंही ठेवलं. दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. प्रार्थना तोंडाने नाही, मनातही नाही. मनात शब्द यायला लागले तेव्हा समोरच्या भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचत राहिलो.

त्या थांबल्या होत्या. "केलं का ह्याइनं ते?"

"नाई केलं," तुकाराम म्हणाला.

"कायले नाई?"

 मग सरळ मला. "जनी करत होती?"

म्हटलं, हो. दोन्ही वेळेस.

"मोठ्यानं?"

"हळू. पण करायची."

"आजारात?"

"आजारातही. पेजेवर."

त्यांनी पुरीला हात लावला, नाकाशी नेली. "तूप चांगलं हाये." परत ठेवली.  "माह्यासाठी सोडलं तुमी?"

मी हो म्हटलं.

"जनीनं त आमच्यासाठी बी नाई सोडलं."

रागाने नाही म्हणाल्या. उलट... ते मला नीट मांडता येत नाही. इतकी वर्षं मुलीवरचा राग धरून होत्या, आणि तेच आता तिच्या बाजूने बोलल्यासारखं. माझ्या बाजूने नाही.

छोट्या गाडीची घंटा झाली. तुकाराम उठला, "चाल माय, जागा नाई भेटनार." त्यांनी पान चाचपून मिटलं, काडी टोचली, पदरात घेतलं. "गाडीत पाहीन," एवढंच. चढताना मी दंड धरला, तो झटकला नाही.

गाडी वळणाआड जाईपर्यंत खिडकीकडे बघत होतो. त्यांच्या मांडीवर पान होतं. त्या समोर बघत होत्या.

रवि. ७ मार्च

उपासनेला गेलो नाही. अंग दुखतं असं कळवलं.

प्रार्थना होत नाही. त्या दिवशी थांबवली ती सुरूच होत नाही. हात जुळतात, पुढे "जनीनं त नाई सोडलं" एवढंच ऐकू येतं. मग उगाच जेवतो.

मंगळ. १६ मार्च

महाराजने खिळ्याचा कप बदलला. नवा, निळ्या काठाचा. "आपके लिए ख़ास मंगाया." आभार मानले.

शुक्र. २६ मार्च. उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

गेलो. मागे बसलो. मा.ची बाकावरची जागा एका नवीन नर्सबाईने घेतली, तिला माहीत नाही. तीन तास बसलो, उठून आलो. काही वाटलं नाही. मा. ह्या दिवशी पाणीसुद्धा घेत नसे. मी महाराजकडे चहा घेतला, रोजच्या वेळेला.

रवि. २८ मार्च

ईस्टर. पहाटे सगळे कबरस्तानात गेले, मेणबत्त्या घेऊन. मीही गेलो. मा.च्या मातीवर गवत आलं आहे. पाळक म्हणाले, ती उठेल. मी आमेन म्हटलं, सगळ्यांबरोबर.

नंतर प्रभुभोजन. भाकरी आणि प्याला माझ्या रांगेपर्यंत आला. मी उठलो नाही. शेजारच्या मास्तरांनी कोपराने ढोसलं. पाय झोपला आहे म्हटलं.

मंगळ. ६ एप्रिल

मोहफुलांची पोती. ऑफिसात घमघमाट, डोकं चढतं.

तुकाराम भेटला, बाजाराला आला होता. मायचा डोळा उघडला. "सुई ओवते आता. दुसरा दिवाळीनंतर करू म्हनते." चहा घेऊ म्हणाला. महाराजकडे त्याला दुकानाचा कप, मला निळा. त्याने बघितलं. आपला कप घेऊन बाकावरून उठला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

मी विचारलं. त्या दिवशी गाडीत सासूबाईंनी पुऱ्या खाल्ल्या का?

"मी त झोपलो होतो, बाबू. सौंदड टेसनावर जाग आली तवा मांडीवर काई नोतं."

"पान?"

"पान बी नोतं. खिडकी उघडी होती." मग माझा चेहरा बघून, "खाल्ल्या असतील न. भुकेली होती."

"असतील."

"इचारू का मायले?"

त्याची गाडी लागली होती. मी म्हटलं, तुझी गाडी. तो धावत गेला, पायदानावर उभा राहून हात केला. मी त्याला विचार म्हटलं नाही, नको विचारू असंही नाही.

घरी येऊन भात केला. वाढून घेतला. समोर बसलो. हात मांडीवर होते. जोडावे की खावं हे ठरेना, आणि वाफ यायची थांबली तरी मी तसाच बसून होतो.