नानांचं हवाबंद घर

वरणगाव,
८ एप्रिल २०२५

ती. ताईबाई आत्यास,
हेमांगीचा शि. सा. न. वि. वि.

आधी चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या घराचं दार उघडेना म्हणून दूध घालणारे रुपचंदकाका रडले. ते चूक आहे. काका रडले ते आईच्या मिरच्यांच्या ठसक्यानं. दार त्यानंतर अडकलं, आणि तेव्हा काका रडत नव्हते, देवाचं नाव घेत होते. तुमच्याकडून ही गोष्ट पिंपळनेरभर झाली असती तर त्यांची उगाच बदनामी झाली असती. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

घराची दुरुस्ती काढल्यापासून नानांच्या डोक्यात एकच आहे. आपल्या रायपनिंग चेंबरमध्ये भर एप्रिलात पिकायला लावलेली केळी थंडगार राहतात, मग माणसं का राहू नयेत? मिस्त्री लावला नाही, सगळं स्वतः केलं. भिंतींच्या वरचे झरोके विटांनी बुजवले. खिडक्यांना न उघडणारी काच बसवली. फटींत फोम भरला. पुढच्या-मागच्या दारांना चेंबरसारखं जाड रबर लावून ती बाहेर उघडणारी केली. चेंबरला थंड करणारं मशीन आहे, घराला नाही, हे मी एकदा बोलून पाहिलं. नाना म्हणाले की मशीनचं नंतर बघू, आधी गळती बंद.

आई अडून बसली म्हणून स्वयंपाकघरात एक एक्झॉस्ट पंखा तेवढा लागला. पण बाहेरची हवा आत यायला जागाच नाही. त्यामुळे पंखा नुसता ओरडतो, धूर जागचा हलत नाही, आणि दारं चौकटीला चिकटून बसतात. काका खांदा लावून दार ढकलत होते. आईनं चहा टाकायचा म्हणून पंखा बंद केला, आणि काका एकदम बाहेर, थेट बिबड्यांचे पापड वाळत घातलेल्या खाटेवर. त्या दिवशीच्या ओल्या बिबड्यांवर त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या उमटल्या आहेत. आई म्हणते, वाळल्या की त्यांनाच तळून वाढू.

कूलरही आतच ठेवला आहे. ती ओली हवा बाहेर जात नाही. मीठ पाझरतं, पापड वातड झाले, काडेपेटी पेटत नाही. सकाळी उठलं की वाटतं, आपल्याला कुणीतरी कुकरमधून काढलं. न्यायानं सांगायचं तर धूळ खरंच कमी झाली आणि पाली दिसेनाशा झाल्या. आई म्हणते, पालींना अक्कल आहे, त्या वेळेवर निघून गेल्या.

हे फोनवर सांगता येत नाही. घरात रेंज येत नाही, आणि ओट्यावर येते तिथे नाना बसलेले असतात.

माझी काळजी तुमच्या आखाजीची आहे. तीस तारखेला अक्षय्य तृतीया, तुम्ही माहेरी येणार. तुम्हाला दम लागतो. या घरात तुम्ही रात्र कशी काढाल? काय करू ते कळवा. आमच्यावर लोभ आहेच, तो मात्र हवाबंद ठेवू नये.

तुमची भाची,
हेमांगी

*

वरणगाव,
१० एप्रिल

ती. अक्कास,
योगराजचा नमस्कार.

यंदा आखाजीला चार दिवस आधीच ये. घर असं केलंय की तुला लूचं नावही आठवणार नाही. चेंबरची गळती तपासतात तशी उदबत्ती घेऊन मी चौकटी-चौकटीनं फिरलो. धूर केसभर हलला नाही. सरळ वर गेला आणि तिथेच बसला. अजून आहे.

तुझी भावजय कुरकुर करते. हेमांगी मोजायची टेप घेऊन मागे मागे फिरते आणि काही बोलत नाही, ते जास्त वाईट. दोघींना केळी कळत नाहीत, घर कुठून कळणार? रुपचंदनं काही सांगितलं असेल तर त्यातलं निम्मं सोडून दे. दार उघडायची एक पद्धत असते.

पिंपळनेरला राहून तू सगळ्याला बठ्ठं आणि आहेला शे म्हणायला लागलीस, तरी माहेरचा झोका विसरली नसशील. कडूनिंबाला नवा दोर बांधलाय. तू आल्याशिवाय त्यावर कुणाला बसू देणार नाही. भावाची आठवण घट्ट लावून ठेव.

तुझा,
योगराज

*

पिंपळनेर,
१४ एप्रिल

चि. हेमांगीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं आणि योगराजचं पत्र एकाच दिवशी पोचलं. आधी तुझं वाचलं, मग त्याचं, आणि हसता हसता मलाच दम लागला. मेघा सूनबाई पाणी घेऊन धावत आली. तिलाही वाचून दाखवलं. रुपचंदाचं रडणं मी आधीच चार घरी सांगून बसले होते. आता देवाच्या नावाचंही सांगून येते, म्हणजे तुझ्या जिवाला बरं वाटेल.

आता खरं सांगते. डॉक्टरांनी मला बंद खोलीत झोपायला साफ मनाई केली आहे. लग्न झाल्यापासून एकही आखाजी मी चुकवली नाही, पाय मोडला होता तेव्हाही एसटीत उशा घालून आले. पण यंदा तुमच्या घरात झोपता येणार नाही. आले आणि ओट्यावर झोपले, तर योगराजचं तोंड एवढंसं होईल. नाही आले तर माझं होईल. हे त्याला कळवू नकोस. बहिणीसाठी तो रडत रडत भिंत फोडेल, आणि पुढची दहा वर्षं म्हणेल की घर चांगलं होतं, अक्कामुळे बिघडलं. त्याला त्याचं त्यालाच पटायला हवं.

आमच्या घरात बघ, उत्तरेला खाली जाळीची खिडकी आणि समोरच्या भिंतीत वर झरोका. आमच्या ह्यांनी लू चालते तेव्हा लावायला दोन्हींना झडप केली आहे. दुपारी बंद, संध्याकाळी उघडी. म्हणजे योगराज अर्धा बरोबर आहे हो, दुपारपुरता. हवेला यायला एक वाट लागते आणि जायला एक. त्यानं दोन्ही बुजवून वर कूलर लावला.

तो माझं ऐकणार नाही, तुझ्या आईचं नाही, तुझं तर नाहीच. पण केळीचं ऐकेल. चेंबरमध्ये तो रोज ठरल्या वेळी दार उघडून हवा सोडतो की नाही? आणि ज्यानं माल लावला त्यानंच दार उघडायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा त्याचा दंडक. एकदा मी उघडलं तर दोन दिवस बोलला नव्हता. मग एक हिरवी फणी घे, हॉलमध्ये ठेव, फणी पिकू लागावी म्हणून सोबत एक पिकलेलं केळं ठेव, आणि काही बोलू नकोस. बठ्ठं ठीक हुई जाई.

तुझ्या अभ्यासू जिवाला जप. आत्याचा पदर तुझ्यावर आहेच.

ताईबाई

*

वरणगाव,
१९ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न.

घाईत लिहिते. काल एकाच घडाच्या दोन फण्या घेतल्या. एक हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, एक बाहेर ओट्यावर जाळीखाली. दोन्हींसोबत एकेक पिकलेलं केळं ठेवलं, नाहीतर तुलना न्यायाची झाली नसती. अदलाबदल होऊ नये म्हणून आतल्या फणीला लाल दोरा बांधला.

एक गोष्ट मनाला लागली आहे. टीव्हीमागे काय ठेवलंस असं नानांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, केळी. ते बरं म्हणाले आणि बातम्या पाहू लागले. आपल्या घरात केळी कुठे का ठेवली हे कोण विचारणार? पण खरं सांगूनही मी लपवलं, असं मला रात्रभर वाटत राहिलं. आई म्हणते, झोप आली नाही ती उकाड्यानं. दोन्ही असेल.

तुमच्या उत्तरापेक्षा तुमचीच वाट पाहणारी,
हेमांगी

*

वरणगाव,
२२ एप्रिल

ती. ताईबाई आत्यास,
हेमांगीचा शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी नाना शेतातून आले, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. नाक वर केलं. तसेच उलटे फिरले आणि चपला न घालता अंगणातून चेंबरकडे पळाले. तिथे चेंबर सांभाळणाऱ्या हितेंद्रदादाला धारेवर धरलं की माल शिजतोय आणि तू मोबाईल बघतोस. दादा शपथा घेऊन सांगत होता की आत सगळं सोळा डिग्रीवर आहे. नानांनी स्वतः पाहिलं, सोळाच होतं. मग वासाचा माग काढत परत घरात आले, सोफा हुंगला, रुपचंदकाका दूध द्यायला आले होते त्यांनाही हुंगलं, आणि शेवटी टीव्हीमागून लाल दोऱ्याची फणी काढली.

साल हिरवीच, आणि आतलं केळं दाबलं की शिऱ्यासारखं. ओट्यावरची फणी मीच आणून शेजारी ठेवली. तीही फार चांगली नव्हती, हे मला नोंदवायला हवं, पण निदान पिवळी होत होती. नानांचा आवाज असा चढला की बुजवलेल्या झरोक्यांतूनही बाहेर गेला असेल. माल बंद खोलीत कोंडून उकडलाय, एकदाही हवा सोडलेली नाही, ज्याची कुणाची ही खोली असेल त्यानं केळीचा धंदा सोडून कोळसा विकावा, असं ते म्हणाले. फणी मी कुणाच्या तरी चेंबरमधून आणली असं समजून, ही खोली कुणाची, असं त्यांनी मलाच विचारलं.

आत्या, मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, आपला हॉल.

आईनं पदर तोंडात घातला आणि स्वयंपाकघरात गेली. रुपचंदकाकांनी दुधाची बरणी दारात लावली, दार पुन्हा बंद होऊ नये म्हणून. नाना कूलरकडे पाहत राहिले, मग छताकडे, मग फणीकडे. शेवटी त्यांनी विचारलं की हे अक्काला माहीत आहे का. मी हो म्हटलं. मग तुमच्या दम्याचंही निघालं. तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात, पण त्यांनी सरळच विचारलं, अक्का येणार नाही का? मी फणीचा लाल दोरा सोडायला लागले, आणि ते समजले. त्यासाठी मला माफ करा.

संध्याकाळी ते हातोडी घेऊन भिंतीपाशी उभे राहिले, आणि हातोडी माझ्या हातात दिली. म्हणाले, माझ्या हातानं बुजवलंय, माझ्या हातानं फोडवत नाही. आणि चेंबरचा दंडक तो दंडक. माल तू लावलास, हवाही तूच सोडायची.

जागा मी तुमच्या घरासारखीच धरली आहे, उत्तरेला खाली, समोर वर. खुणा तीनदा तपासल्या. नाना म्हणाले की चौथ्यांदा तपासलीस तर आखाजी पुढच्या वर्षीची येईल. जाळी आणि झडपा ते स्वतः बनवत आहेत. झडपेला रबर मात्र लावणारच म्हणतात. दुपारपुरतं लावू द्यावं, असं आई आणि मी ठरवलं.

नानांचा निरोप आहे, आता चार दिवस आधी नको, एकोणतीसला या. फोडाफोडीची धूळ तुमच्या छातीला चालणार नाही, ती बसायला आणि घर धुवायला मधे दोन दिवस हवेत. मी आजवर कधी भिंतीवर घाव घातलेला नाही, उशीवर सराव करते आहे. झोका बांधलेला आहे, त्यावर अजून कुणी बसलेलं नाही. तुमचा आशीर्वाद या हातोडीवर असू द्या. शनिवारी, सव्वीस एप्रिलला सकाळी, ऊन चढायच्या आत, मी पहिला घाव घालणार आहे.

हेमांगी