पॅनचं पितळी कुलूप

२ जानेवारी, सकाळी सहा
झाला एकदाचा! तेलाचं पिंप कापून, ठोकून केलेलं वाद्य, आपला स्टीलपॅन, तोच; पण पॅनवरच्या सुरांची मांडणी माझी. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे पॅन ठोकून सुरात लावले. आता जगाने माझ्या नावाची ‘ऑस्बर्न मांडणी’ वाजवायची. संकल्प: पेटंट मिळेपर्यंत कोणाला दाखवायची नाही. मर्लीनलासुद्धा नाही. बायको चांगली आहे, पण तोंड?

३ जानेवारी
शेडला पितळी कुलूप. मर्लीनने ओव्हनसाठी साठवलेल्या पैशांतून. तात्पुरतं. म्हणाली, पिंपात काय सोनं भरलंय? दुर्लक्ष केलं.

९ जानेवारी
पेटंट कचेरी. खिडकीवर मिस सुकदेव. म्हणाल्या, औषधवाल्यांचा जीव पेटंटात. तिखट सॉसवाले तिकडे फिरकतही नाहीत, कृती घरातच दडवतात. गाणेवाले कॉपीराइटवर जेवतात. आणि पॅनवाले? म्हणाल्या, काका, आधी कोणी वाजवतंय का ते बघा! पोरीला पॅनमधलं काय कळतं? अर्ज जाडजूड. उद्या भरतो.

१७ जानेवारी
अर्ज राहिला. पाठ धरलीय. बँडचा कॅप्टन कथबर्ट आला. पॅनोरामा या पॅनबँडच्या वार्षिक स्पर्धेत माझा पॅन उतरवतो म्हणाला. अट घातली: वादकांनी गुप्ततेच्या कागदावर सही करायची, वाजवताना पॅनवर कापड. तो हसून हसून पायरीवरच बसला. अरे बाबा, म्हणे, झाकलेले सूर वाजवायचे कसे? किरकोळ अडचण. बघतो.

२५ जानेवारी
वडील दारात बसून पॅन ठोकायचे. येणाराजाणारा बघायचा. आज त्यांची मांडणी बेटभर वाजते. नाव कोणाला ठाऊक नाही, दमडी मिळाली नाही. माझ्या बाबतीत हे होणे नाही.

६ फेब्रुवारी
कथबर्टचा निरोप: नवी मांडणी हातात बसायला महिना लागतो, आता उशीर झाला. बरंच झालं, चोरीची भीती गेली. स्वतःच वाजवून बघितला. हात अडखळले. मी सूर लावणारा, वादक थोडाच आहे!

२२ फेब्रुवारी
स्पर्धा रेडिओवर ऐकली. सगळे पॅन वडिलांच्या मांडणीचे. काय वाजले! रडू आलं. मर्लीनने बेक, म्हणजे तळलेली रोटी, आणि खारा मासा पुढे ठेवला. ताट तसंच परत सरकवलं.

२३ फेब्रुवारी
थकलो. पॅन शेडबाहेर, रस्त्याकडे तोंड करून ठेवला. कुलूप उघडं, कडीला नुसतं अडकवलेलं, किल्ली कुलपातच. चोरा रे बाबांनो. निदान बघा तरी.

२४ फेब्रुवारी, सकाळी सात
कुलूप गेलं. किल्लीसकट. पॅन जागच्या जागी आहे.