हार्दिक अभिनंदनाची ओळ

२४ ऑगस्ट
सकाळी णमोकार मंत्र म्हणून कॉम्प्युटर उघडला आणि मे महिन्यातला स्वतःचाच कोड शोधून काढला. तेव्हा लग्नसराई होती. आमच्या जैन समाजाच्या वेबसाइटवर बातम्या सुनंदा टाकते. शुभेच्छा लिहायला विसरायची. म्हणून मी हुक लावला. बातमी प्रसिद्ध झाली की त्या हुकाला अडकवलेला माझा कोड आपोआप चालतो, खाली एक ओळ जोडतो आणि सगळ्यांच्या फोनवर धाडतो.
काल तिनं सदलग्याच्या गुरुजींची निधनवार्ता टाकली. खाली ओळ गेली : ‘समस्त परिवाराचे हार्दिक अभिनंदन!’
निधनवार्ता वगळायची अट मी घातलीच नव्हती. मला बाराखडी गिरवायला लावणारे गुरुजी. त्यांच्याच...

२६ ऑगस्ट
बस्तीच्या, म्हणजे आमच्या मंदिराच्या, ऑफिसात अध्यक्ष आप्पा सुनंदावर कडाडले, “डोळं कुठं हुतं गं तुझं?”
“आप्पा, म्या न्हाय लिवलं. आपोआप आलं ते.”
“आपोआप! मग उद्या अभिषेक बी आपोआपच हुईल.”
सगळे हसले. अट मी कालच घातली होती. गप्प बसलो. तिला ठाऊक नाही, ते ‘आपोआप’ म्हणजे मी.

३० ऑगस्ट
दशलक्षण पर्व चालू. एकाशन, दिवसातून एकदाच जेवण. सुनंदा ऑफिसला येत नाही. फोन केला.
“अण्णा, सदलगा माझं माहेर. गुरुजींच्या घरच्या काकूंस्नी कसं तोंड दावू?”
सांगणार होतो. तोंडातून आलं, “जेवलीस का?”
“उपास हाय न्हवं!”
देवा.

५ सप्टें.
आप्पांचा फोन : “क्षमावणीचा मेसेज तयार ठेव रं. सगळ्यांस्नी एकदम जाऊ दे.”
क्षमावणीला सगळ्यांची माफी मागायची असते. लिहिला. ‘जाणता-अजाणता मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा.’ प्रसिद्धीचं बटण दाबलं की काकूंना जाईल, सुनंदालाही. मी खुर्चीतच. हात पुढे होईना.

८ सप्टें. क्षमावणी
तो मेसेज धाडलाच नाही; धाडणारा कोडच हुकातून सोडवला. आप्पांना फोन करून चूक कुणाची ते सांगितलं. ते म्हणाले, “पोरीला लई बोललो की रं मी.”
निपाणीहून बसनं सदलगा. काकूंच्या पाया पडलो, सगळं सांगितलं. त्या गुरुजींच्या फोटोकडं बघत बसल्या. म्हणाल्या, “त्यांस्नी हसू आलं असतं. मला न्हाय आलं.” आणि मग, “सुनंदाला सांगिटलंस?”
“अजून न्हाय.”
“मग आधी हिकडं कशाला आलास?”
चहाही न घेता उठलो. निपाणीत उतरलो तो थेट सुनंदाच्या दारात. उंबऱ्याबाहेर उभा राहून पहिल्यापासून सांगितलं, त्या दिवशी गप्प बसलो तेसुद्धा. हात जोडले. ती ऐकत उभी होती.
“आत या” म्हणाली नाही. दारही लावलं नाही.